गौंटियाच्या विहिरीवरचं इंजन

भोपाळहून आणलेले खोके आम्ही रायपूरच्या घरात सोडलेच नव्हते. नवं राज्य झालं, सरकारी माणसांची वाटणी झाली आणि कृषी खात्यात यंत्रांच्या देखरेखीवर असलेले माझे बाबा छत्तीसगडच्या वाट्याला आले. त्यांनी परत पाठवा म्हणून लगेच अर्ज केला. आई म्हणाली, "थोड्या दिवसांचा तर सवाल आहे. खोके काहून सोडायचे? पुन्यांदा बांधाच लागन." मग समोरच्या खोलीत भिंतीला लागून खोके रचले गेले, त्यांच्यावर जुनी चादर आली आणि त्या चादरीवर आम्ही बसू लागलो. होळीला पुरणयंत्र लागलं, तर आईनं एका खोक्याची कड ब्लेडनं कापली, हात घालून चाचपत यंत्र ओढून काढलं, पुरण झाल्यावर ते धुऊन-पुसून परत आत सारलं आणि कड सुतळीनं शिवून टाकली. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण आज माझ्याकडे एखादी भाची राहायला आली आणि बॅगेतूनच कपडे काढू-घालू लागली, की मी काम सोडून उठते आणि तिला कपाटातला कप्पा रिकामा करून देते.

त्या घरात कोणालाच एका जागी बसवत नव्हतं. आई सकाळी अंगण झाडायची आणि दुपारी पुन्हा झाडायची. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा सुटला की गच्चीवरच्या कपड्यांवर काळी बारीक राख बसायची. ते कपडे झटकता झटकता ती भोपाळच्या तळ्यावरच्या हवेबद्दल बोलायची. भोपाळला ती एका बालमंदिरात शिकवत होती. इथं शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून ती भाजीवालीलाच शिकवू लागली. "हा पालक नाही आहे, कशाला पालक म्हणते?" भाजीवाली टोपली न उचलता हसायची. "हव दीदी, पालक नोहे, चेच भाजी आय। लसुन डार के रांध के तो देख." आईनं एकदा ती लसूण घालून रांधली. बाबांनी दोनदा वाढून घेतली, मी वाटी पुसून खाल्ली, पण चांगली झाली असं कोणी म्हटलं नाही. इथलं काही आवडलं असं कबूल करायची आमच्या घरात सोय नव्हती.

बाबांचं ऑफिस एका भाड्याच्या बंगल्यात होतं आणि त्यांच्या वाट्याला तिथलं स्वयंपाकघर आलं होतं. ओट्यावर फायली, भांडी धुवायच्या जागेत फायली. साऱ्या शहरालाच तेव्हा घाई झालेली होती. काल किराणा होता तिथं आज कुठल्यातरी खात्याची पाटी लागायची, पानठेल्यावर उभे असलेले लोक जमिनींबद्दल बोलायचे, शहराबाहेर धानाच्या शेतांमध्ये नवी राजधानी होणार म्हणून जीपा धूळ उडवत जायच्या-यायच्या. मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजात नाव घातलं होतं, पण मैत्रिणी करायच्या नाहीत असं मीच ठरवून टाकलं होतं, कारण आपण तर जाणार. रविवारी बाबा भोपाळच्या दुबेजींना फोन लावायचे. दुबेजी त्यांचे जुने सहकारी, आमची सगळी आशा त्यांच्यावर. "चल रही है फाइल," असं ते दर वेळी सांगायचे. फोन झाला की मी गच्चीवर जाऊन या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत राहायची, आई खालून हाक मारीपर्यंत.

अशात एका शनिवारी बाबा गोल बाजारात बादली आणायला गेले आणि सायकलरिक्षात गवत कापायचं यंत्र घालून आले. दोन लोखंडी चाकं आणि मधे वळलेल्या पात्यांचा रूळ. ढकललं की पाती फिरतात आणि हिरवळ कापली जाते, तसलं. कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातून कधीकाळी निघालेलं असावं. दांडा मोडलेला, पाती गंजून चाकांशी जाम झालेली.

"बादली?" आईनं विचारलं.

"भेटली नाई."

"गोल बाजारात बादली भेटली नाई?"

"मी पायलीच नाई," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नसत.

त्यांनी यंत्राचा खिळा न खिळा सुटा केला, डालड्याच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, तारेच्या ब्रशनं घासला. पात्यांना धार लावायची खडबडीत पेस्ट चोपडून ते रूळ उलटा फिरवत राहिले. तो करकर आवाज दिवसभर घरात भरलेला असे आणि आई त्याच्यावर रेडिओ लावत असे. पंधरवड्यानं त्यांनी मला बोलावलं, वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरली आणि चाक अलगद फिरवलं. कागद कात्रीनं कापावा तसा कापला गेला. आमच्याकडे हिरवळ नव्हती. बाबांनी घरमालकाच्या आवारातली दूब कापली, मग शेजारच्यांची, मग गवत उरलं नाही.

मग पायानं चालवायचं धान मळायचं यंत्र आलं. धान उफणायचा हातपंखा आला. कडब्याची कुट्टी करायचं मशीन आलं, त्याच्या मोठ्या चाकावर नक्षी होती. हे विकायचं नव्हतं, कुठं वापरायचंही नव्हतं. दुरुस्त करायचं, तेल द्यायचं, रंग काढून जुना रंग शोधायचा आणि अंगणात ताडपत्रीखाली ठेवून द्यायचं. आई दारात उभी राहून पाहायची. "खोके उघडून नाई राहिले, आन हे लोखंड भरून राहिले. भोपाळले कसं न्याल हे?" "पाहू," बाबा म्हणायचे. त्यांच्यासोबत स्कूटरवर मागं बसून मीही जाऊ लागले. यंत्रांची आवड होती म्हणून नव्हे. घरी थांबवत नव्हतं म्हणून. पण हातांना हळूहळू सवय होत गेली. कुठला नट पाना लावायच्या आधी तापवावा लागेल, कुठला नुसत्या तेलानं सुटेल, हे मला न सांगता कळू लागलं. पान्यावर जोर देत असताना मात्र मला भोपाळ आठवत नसे. हे मी कोणाला सांगितलं नाही.

गौंटियाचं इंजन आम्हाला असंच हिंडताना दिसलं. नवी राजधानी जिथं होणार होती त्या बाजूचं एक गाव. तिथले बिसाहू गौंटिया म्हणजे जुन्या गावप्रमुखाच्या घरातले, सत्तरीला आलेले, उघड्या अंगावर पंचा टाकून फिरणारे गृहस्थ. त्यांच्या विहिरीवर कौलांच्या छपरीत ते इंजन वर्षानुवर्षं बंद पडून होतं. एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना छातीएवढी चाकं आणि पुढं लोखंडी गोळ्यासारखं डोकं. हे डोकं पंप मारून पेटवायच्या रॉकेलच्या दिव्याच्या जाळानं लाल होईतो तापवायचं, मग चाकाला हिसका द्यायचा, तेव्हा ते सुरू होतं. बाबांनी तसलं इंजन तरुणपणी वर्ध्याजवळ मामांच्या मळ्यावर पाहिलं होतं. ते त्याच्याभोवती फिरत राहिले, हात न लावता.

"कबाड़ी मन दू घाव आ के गे हें," गौंटिया म्हणाले. भंगारवाले दोनदा येऊन गेले होते. सिलतऱ्याच्या भट्टीत घालायला त्यांना ते हवं होतं. "मैं नइ देंव। मोर ददा के आय।"

वडिलांचं इंजन. बाबांनी विचारलं, आम्हाला द्याल का. गौंटियांनी बराच वेळ त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "इहें चला के देखाव। चलही त ले जाव। नइ चलही त इहें रइही।" इथंच चालवून दाखवा. चाललं तर न्या, नाही तर राहू द्या.

तो सबंध हिवाळा आणि अर्धा उन्हाळा आमचे रविवार त्या छपरीत गेले. आता तिथं इतका रुंद रस्ता आहे की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. मी कितीदा गाडी बाजूला लावून विहिरीची जागा शोधली, आणि दर वेळी मला ती वेगळ्याच ठिकाणी वाटली. तेव्हा मात्र तिथं करंजाची सावली होती, बांधावर बगळे होते, आणि दुपारी गौंटियांच्या पत्नी, गौंटनीनबाई, फरा आणायच्या, तांदळाच्या पिठाच्या वळ्या वाफवून तिळाची फोडणी दिलेल्या, सोबत टोमॅटोची चटणी. "खाओ नोनी," म्हणायच्या. नोनी म्हणजे पोट्टी. इंजनाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये गंजून बसला होता. आम्ही आत रॉकेल आणि डिझेल ओतून जायचो आणि पुढच्या रविवारी येऊन लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचो. काही हलायचं नाही. बाबा घाम पुसून पुन्हा तेल ओतायचे. मला चीड यायची, हातोडा फेकून द्यावासा वाटायचा. एका रविवारी मी चाकात पहार अडकवून लोंबकळले होते, बाबा ठोकत होते, आणि माझ्या हाताखाली पहार किंचित, अगदी किंचित खाली गेली.

"बाबा, हललं."

"नाई."

"हललं, बाबा. मले समजलं."

त्यांनी पुन्हा ठोकलं, आणि चाक बोटभर फिरलं. बाबा खाली बसले. त्यांनी बिडी पिणं केव्हाच सोडलं होतं, पण गौंटियांनी पुढं केलेली बिडी त्यांनी घेतली.

दट्ट्याची कडी तुटलेली होती, ती एका लेथवाल्याकडून करून घेतली. तेलाचा पंप साफ केला. सारं जोडून होत आलं होतं, त्याच आठवड्यात दुबेजींचा फोन आला. रविवार नसताना आला म्हणूनच आईनं हात पुसत धाव घेतली. बाबांनी ऐकलं, "जी, जी" म्हटलं आणि फोन ठेवला. "ऑर्डर निघाली," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात हजर व्हा लागते."

आई मटकन खोक्यांवर बसली आणि रडायला लागली. मी गच्चीवर गेले आणि खरोखर उड्या मारल्या. खाली आले तर आई डोळे पुसून सुतळीचं बंडल शोधत होती आणि बाबा अजून फोनपाशीच उभे होते. "मले एक रविवार लागन," ते म्हणाले.

"इंजनासाठी?"

"हो."

त्या रविवारी आईही आली. जीप भाड्यानं केली होती. "ज्याच्यासाठी रविवार गेले ते काय आहे ते पाहू तरी," एवढंच ती म्हणाली आणि विहिरीच्या कट्ट्यावर गौंटनीनबाईंशेजारी पदर सावरून बसली. बाबांनी दिवा पेटवला, तो घोंघावू लागला, लोखंडी गोळा आधी करडा, मग तांबूस, मग लाल झाला. माझं काम तेलाच्या पंपाला हातानं दाब देण्याचं होतं. बाबांनी चाक मागं ओढलं आणि सोडलं. इंजन खोकलं. पुन्हा ओढलं. धूर आला, काही झालं नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळी एक धक्का बसला, चाक बाबांच्या हातातून सुटलं आणि फिरू लागलं. टुक्, मग मोठा खंड, टुक्, मग छोटा, आणि मग एकसारखं.

गौंटिया पुढं वाकून पाहत होते. "उल्टा चलत हे, साहेब," ते म्हणाले.

खरंच उलटं फिरत होतं. तसली इंजनं दोन्हीकडे फिरू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि बाबा हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. मी आईकडे पाहिलं. ती बाबांकडे असं पाहत होती की जणू हा माणूस तिला कुठंतरी पूर्वी भेटला होता आणि नाव आठवत नव्हतं. मग त्यांनी ते बंद केलं, पुन्हा तापवलं, आणि या खेपेला ते सुलट चाललं. आवाज ऐकून गावातली माणसं बांधावरून येत राहिली. गौंटियांनी कोणालातरी पाठवून आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. इंजन थांबेपर्यंत दोघं म्हातारे त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले. थांबल्यावर गौंटिया उठले, इंजनाच्या पाण्याच्या गरम टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ले जाव."

घरी येऊन आईनं पिठलं टाकलं, भाकरी केल्या. जेवताना बाबा म्हणाले, "मी नाई जात."

आईला वाटलं, उद्या ऑफिसला. "सुट्टी टाकली का?"

"भोपाळले. मी भोपाळले नाई जात."

आईनं वाढत असलेली भाकरी परत टोपल्यात ठेवली. "काहून?"

"तिथं वीस वरसं मी जीपच्या डिझेलच्या पर्च्यांवर सह्या केल्या. यंत्राच्या खात्यात होतो, आन यंत्राले हात नाई लावला. इथं रविवार येते तर मले सकाळी उठावं वाटते."

"मंग तिथं करा न रविवारी. तिथं भंगार नाई का?"

"तिथं मले सुचलं नसतं," बाबा म्हणाले. "तिथं गेलो का मी पुन्हा तोच होईन. मले माहीत आहे."

मी ताटातल्या पिठल्यात बोट फिरवत होते. मग आई अगदी शांतपणे म्हणाली, "तुमाले इंजन भेटलं. मले काय भेटलं इथं?" तिनं पिठल्याचं भांडं बाजूला सारलं. "सांगा न. मी विचारून राहिली. मले काय भेटलं?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेता आली असती, दुसऱ्या कोणी नेलीही असती. बाबा मान खाली घालून बसून राहिले.

"मंग तुमी राहा," आई म्हणाली. "मी जाते. शाळा मले घेईन. मंजू बी येते माह्यासंग." आणि तिनं ती भाकरी पुन्हा उचलून त्यांच्या ताटात वाढली.

नातेवाइकांनी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. ऑफिसात बाबांना लोक वेडा म्हणाले, आलेली ऑर्डर कोणी सोडतं का म्हणून. आई आणि मी भोपाळला आलो. शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या, आणि आईनं एका दुपारीत सगळे खोके उघडले. माझ्या मैत्रिणींची लग्नं ठरत होती, नवे घोळके झाले होते. मी त्यांच्यात बसायची आणि बोलणं कुठून धरावं ते सुचायचं नाही. तळ्याकाठी चालायला जायची, तर तिथंही गच्चीवरच्यासारखीच चालायची. भोपाळ जागेवरच होतं. माझंच चित्त लागत नव्हतं, आणि आता त्याचा दोष द्यायला रायपूरही नव्हतं.

बाबा महिन्याकाठी गाडीनं यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा नखांत काळं होतं, शर्टाची वरची गुंडी तुटलेली होती. आई पोळ्या करत होती. ते स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि म्हणाले, "शाळेत काय चाललं तुह्या?"

आईनं लाटणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. खरंच विचारताहेत की कसं, ते तपासावं तसं. मग ती सांगू लागली. वर्गात एक मोनू नावाचा मुलगा आला होता, तो कोणाशीच बोलायचा नाही. आई त्याच्याजवळ नुसती बसून असायची. "घरी बोलते का तो?" बाबांनी विचारलं. "कानाचं काही नसंन न?" आई सांगत राहिली, पोळी तव्यावर करपली, तिनं ती उतरवली आणि सांगतच राहिली. माझ्या सबंध आयुष्यात मी त्या दोघांना भाजी, बिलं आणि बदली सोडून कशाबद्दल इतका वेळ बोलताना ऐकलं नव्हतं. पुढच्या खेपेला चप्पल काढता काढताच बाबांनी विचारलं, "मोनू काय म्हणते?"

परीक्षा झाल्यावर मी म्हटलं, "सुट्टीपुरती बाबांसंग जाऊ का?" बाबांनी आईकडे पाहिलं.

"जाऊ द्या तिले," आई म्हणाली. "इथं फरशी झिजवून राहिली चालू चालू. पण तिच्या हाताले लागलं न, तर पाहा."

मी सुट्टीपुरती गेले ती तिथलीच झाले. आई चार वर्षांनी आली, रायपूरच्या एका शाळेत आपली नोकरी आधी पक्की करून, आणि घर तिनं स्वतः निवडलं. मधली ती वर्षं आमच्या घरात कोणी वाईट म्हणून आठवत नाही. लोकांना हे पटत नाही, म्हणून मी समजवायचं सोडून दिलं आहे.

त्या सुट्टीतला पहिला रविवार. इंजन अंगणात ताडपत्रीखाली होतं, आणल्यापासून बाबांनी ते सुरू केलेलं नव्हतं. "दोन माणसं लागतात त्याले," ते म्हणाले. सकाळपासून आम्ही लागलो. दिवा त्यांनी धरला आणि चाक मला दिलं. मी दोनदा चुकले, हात झिणझिणला, आणि मग इंजन सुरू झालं. शेजारची मुलं कुंपणावर चढली, घरमालक बनियनवरच बाहेर आले. बाबांनी मला ओरडून काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही, त्यांनाही ते दुसऱ्यांदा सांगावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी भोपाळला फोन लावला. हात तेलाचे होते म्हणून रिसीव्हर फडक्यात धरला होता. मला वाटलं, आता इंजनाचं सांगतील. पलीकडून आईनं तेच विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "हो, झालं चालू. मंजूनं केलं. ते असू दे. तू सांग, मोनू बोलला का?" मग ते ऐकत राहिले. ऐकता ऐकता भिंतीला टेकले, हळूहळू खाली सरकून फरशीवर बसले, पाय लांब केले. आई काय म्हणत होती ते मला ऐकू येत नव्हतं. खोलीत अंधारून आलं होतं, पण मी दिवा लावला नाही. बरंच ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, "अस्सं? आन मंग तू काय म्हटलं त्याले?" आणि पुन्हा ऐकू लागले.